दुतोंड्याची सोय

श्यामरावांनी मातीचा पसरट परळ डाव्या तळहातावर घेतला, उजव्या हाताच्या पेराने वाजवला आणि कान जवळ नेला. आवाज बरा होता, पण बूड सपाट नव्हतं. जमिनीवर ठेवून काठाला बोट लावलं की तो डुलायचा. त्यांनी तो बाजूला सारला आणि दुसरा उचलला.

रुखमा कुंभारीण मडक्यांच्या रांगेपलीकडून हे बराच वेळ पाहत होती. पवनीच्या बाजारात पितळी भांड्यांचं दुकान चालवणारा माणूस आपल्या दारात उकिडवा बसून माती वाजवतो आहे, ही गोष्ट ती इतक्या लवकर संपू देणार नव्हती.

"काहून जी श्यामरावजी, दुकानातलं पितळ सरलं का?"

"सरलं नाही. पाव्हण्यासाठी पायजे. जवाई येऊन राहिले धोंड्याले."

"अगं बाई! अन् जवायाले मातीत पानी देता?"

आयुष्यभर श्यामरावांनी भांडं दाखवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारलं होतं, कशासाठी पाहिजे? लोणच्यासाठी मागितलं तर पितळ देत नसत, चिनी मातीची बरणी घ्या म्हणून समोरच्या दुकानात पाठवत. आज तोच प्रश्न त्यांना विचारला गेला होता आणि उत्तर तोंडावर आलेलं असून देता येत नव्हतं. तिसऱ्या परळाला त्यांनी चारही बाजूंनी बोट लावून पाहिलं. तो हलला नाही. तो त्यांनी घेतला, आणि लपायला म्हणून एक अर्धा फुटलेला माठही घेतला. फुटका माठ कशाला, हे रुखमाने विचारलं नाही. ती नुसती पाहत राहिली, आणि ते जास्त जड गेलं.

एकोणीसशे ऐंशी सालचा अधिक ज्येष्ठ लागला होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवायचं, अनारसे वाढायचे, वाण द्यायचं, ही रीत. श्यामरावांचे जावई टेकचंद नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. लग्नाला तीन वर्षं होत आली, पण सासुरवाडीला त्यांनी एकदाही मुक्काम केला नव्हता. सकाळच्या एसटीने येत, जेवत, आणि पान तोंडात असतानाच संध्याकाळच्या एसटीकडे पाहू लागत. गल्लीने आपापसात ठरवून टाकलं होतं की जावई रुसला आहे, लग्नात काहीतरी कमी पडलं असणार. श्यामरावांच्या पत्नी ललिताबाईंनी ते मनाला लावून घेतलं होतं. रुखवताच्या परातीपासून आहेराच्या टोपीपर्यंत सगळं त्या पुन्हापुन्हा आठवून पाहत आणि नवऱ्याला विचारत, "टोपी हलकी होती का वो?"

महिना लागला आणि मुलगी, चंद्रकांता, आधी एकटीच आली. तिने खरं कारण सांगितलं.

"रुसले-फुसले नाहीत, आई. घरी एक जनावर आहे त्यांचं. कोणीतरी कॉलेजात आणून दिलं. तिथला शिपाई भ्याला, म्हणून हे घरी घेऊन आले. त्याला एकटं टाकून राहता येत नाही कुठं."

"कोनतं जनावर?"

"दुतोंड्या."

ललिताबाईंच्या हातातलं लाटणं पोळपाटावर थांबलं.

"साप?"

"विष नाही, फणा नाही. दोरखंडाच्या तुकड्यासारखा पडून राहतो दिवसभर. दीड खोलीचं घर आमचं. कपाटातला खालचा कप्पा त्याचा आहे. माझ्या साड्या खाटेखाली." चंदा हे सांगताना आईकडे न बघता गहू निवडत होती. "इथं त्याची सोय होत असली तर येतील. चांगले आठ दिवस राहतील."

ललिताबाईंनी थोडा वेळ पोळी तव्यावर करपू दिली.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "पन तो ज्या खोलीत राह्यन त्या खोलीत मी पाय टाकनार नाही."

सोय करायची म्हटल्यावर श्यामरावांनी ती अर्धवट केली असती तर ते श्यामराव नव्हते. पेटीसाठी सुताराला बोलावलं आणि दुकानातल्या खोक्याच्या फळ्या पुढे केल्या. चंदाने फळीवरून हात फिरवला.

"बाबा, ही फाटते. सागवान घ्या. वरून जाळीचं झाकण. बिजागऱ्या पितळी लावा, लोखंडाच्या गंजतील."

"आठ दिवसाले सागवान? येवढ्यात त्याच्या बिजागऱ्या कायले गंजतीन?"

"गिऱ्हाइकाला काय सांगता तुम्ही? एकदाच घ्या, नातू वापरन."

श्यामरावांना स्वतःचंच वाक्य ऐकून बरं वाटलं. सागवान आलं. पेटी इतकी जड झाली की सुताराने आणि त्यांनी मिळून ती उचलली, आणि सुतार जाताना म्हणाला, "वधुपित्यानं कपाट द्यावं तं असं."

मग वाळू. दुतोंड्याला अंग पुरून घ्यायला वाळू लागते, असं चंदाने सांगितलं. वैनगंगेच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूला काय तोटा. श्यामराव स्वतः खरबूज-टरबुजांच्या डांगरवाड्यांच्या पलीकडे गेले, काठाजवळची बारीक वाळू मुठीत घेऊन पाहिली, टाकून दिली. ती नाकात जाईल. मधल्या धारेजवळची जाड होती, ती पोटाला घासेल. दोन्हींच्या मधली सापडेपर्यंत ते उन्हात फिरले. डांगरवाल्याने आपल्या खोपटातून विचारलं, "शेटजी, काही पडलं का तुमचं?" ती वाळू घरी आणून त्यांनी धुतली, वाळवली, गव्हाच्या चाळणीने चाळली. ललिताबाईंनी ती चाळणी परत घेतली नाही. नवी आणायला लावली.

खाण्याचा प्रश्न सगळ्यात नाजूक होता. उंदीर मिळायचे तर पुंडलिकरावांच्या धानाच्या गोदामात, आणि पुंडलिकरावांना सांगायचं म्हणजे बाजारात दवंडी द्यायची. श्यामरावांनी गिऱ्हाईक कमी असेल अशी दुपार पाहिली. तरी दोघं-तिघं पोत्यांवर टेकलेले होतेच.

"पुंडलिकराव, दोन-चार उंदीर पायजे होते. जिवंत."

पुंडलिकरावांनी कानातली काडी काढली.

"कायले?"

"जवाई येऊन राहिले."

पोत्यावरचा एक जण उठून नीट बसला.

"लहान पायजे," श्यामराव घाईने म्हणाले. "घुशी नको. पोटाच्या जाडीचाच पायजे, जास्त नाही."

"जवायाच्या पोटाच्या?"

गोदाम हसलं. पुंडलिकराव हसले नाहीत. गंभीरपणे त्यांनी माणसाला पिंजरे लावायला सांगितलं आणि मग विचारलं, "अन् ते दुतोंड्याचं खरं आहे का हो? सहा महिने या तोंडानं चालते अन् सहा महिने त्या तोंडानं?"

"दुसरं तोंड नसतेच. शेपूट आहे ते," श्यामराव म्हणाले. चार दिवसांपूर्वी त्यांनाही हे माहीत नव्हतं. दिवेलागणीपर्यंत बाजारभर झालं की श्यामरावांचा जावई धोंड्याला उंदीर मागतो.

शेवटी जागा. पवनीच्या त्या उन्हात दुपारी बरी राहील अशी घरात एकच खोली होती, मागची. जमीन सारवलेली, खिडकी उत्तरेला, तिला वाळ्याची ताटी. रोज जेवण झालं की श्यामराव तिच्यावर पाणी शिंपडत आणि उघड्या अंगाने जमिनीवर आडवे होत. तेवढा वेळ ललिताबाई भांड्याचा आवाज होऊ देत नसत. चंदाने घरभर फिरून प्रत्येक भिंतीला तळहात लावून पाहिला, आणि मागच्या खोलीत येऊन थांबली.

"इथं," ती म्हणाली.

श्यामरावांनी आपली उशी उचलली.

शनिवारी टेकचंद आले. एका खांद्याला झोळी, हातात झाकणाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा. सासऱ्यांच्या पाया पडताना डबा त्यांनी आडवा होऊ दिला नाही. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी पेटी पाहिली, झाकण उघडून मिटून पाहिलं, वाळू बोटांतून सोडली, परळाला धक्का दिला. मग सासऱ्यांकडे वळले.

"मामाजी," ते म्हणाले, "आमच्या कॉलेजात अशी सोय नाही."

श्यामरावांनी उपरण्याने चेहरा पुसला.

पहिले दोन दिवस गल्ली साप बघायला लोटली आणि निराश होऊन गेली. तपकिरी, जाडसर, दोन्हीकडून सारखंच बोथट, वाळूतून अर्धं बाहेर आलेलं ते जनावर जागचं हलतही नव्हतं. कोणीतरी वाटीभर दूध आणलं होतं. टेकचंदांनी ते घेतलं, साप दूध पीत नाही म्हणून सांगितलं आणि स्वतः पिऊन टाकलं. एका म्हातारीने जाताना म्हटलंच, "येवढ्यासाठी सागवान!"

रुखमाच्या फुटक्या माठाकडे मात्र दुतोंड्याने पाहिलं नाही. श्यामरावांनी ते दोन दिवस मनात ठेवलं. तिसऱ्या दिवशी कोणी नाही असं पाहून ते दुकानातून एक पोचा आलेला पितळी गंज घेऊन आले. गंज म्हणजे आपलं साधं उभट पातेलं. पोच्यामुळे तो वर्षभर विकला गेला नव्हता. पेटीच्या कोपऱ्यात त्यांनी तो आडवा निजवला, थोडी वाळू आत सारली, आणि दाराशी स्टुलावर बसून राहिले. दुकान उघडायची वेळ टळून गेली. मग वाळू हलली. दुतोंड्या सावकाश बाहेर आला, माठाच्या तोंडाशी थांबला, वळला, आणि सगळाच्या सगळा गंजात शिरला.

"चंदा!" श्यामरावांनी हाक मारली. "ये इकडे! जवाईबापूलेही बोलाव!"

त्या दिवशी दुतोंड्याने उंदीरही खाल्ला. टेकचंदांनी सांगितलं की नागपुरात महिनाभर त्याने तोंड लावलं नव्हतं. गंज थंड लागत असेल, असंही ते म्हणाले, पण ते श्यामरावांनी ऐकून घेतलं नाही. रात्रीच्या जेवणाला त्यांचा आवाज चढलेला होता.

"जनावर असून पितळ ओळखलं त्यानं! आतापर्यंत त्याले कोनी नीट विचारलंच नव्हतं, कशात राह्यतो म्हनून. माह्या घरासारखी सोय नागपुरात व्हायची नाही त्याची. खरं का नाही, जवाईबापू?"

"खरं आहे, मामाजी."

चंदा वरण वाढत होती. वाटीवर पळी क्षणभर थांबली.

"मीही यांना तेच म्हणते, बाबा," ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली.

आठ दिवसांचे दहा झाले. जावयांनी सासुरवाडीला मुक्काम केला, तो गल्लीने डोळ्यांनी पाहिला, आणि टोपीचा विषय कायमचा मिटला. श्यामराव दुपारी ओसरीवर पडत, कूस बदलत, घामाने भिजून उठत. ते दिवस मोजत नव्हते असं नाही. निघायच्या सकाळी त्यांनी आपली उशी उन्हात टाकली.

वाण दिलं, ओवाळून झालं. टेकचंद मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसले आणि डोळे पुसल्यासारखं करत बाहेर आले. जनावरावरचा जीव, श्यामरावांना वाटलं; प्रवासाची काळजी असणार. स्वयंपाकघरातून ललिताबाईंनी भोकांचा डबा आणून दिला. तो राखेने घासून चकचकीत केलेला होता. बायकोने त्या डब्याला हात लावला, याचं श्यामरावांना नवल वाटलं, पण एसटीची वेळ झाली होती.

डबा त्यांनी जावयाला धरू दिला नाही. स्वतःच दोन्ही हातांनी छातीशी, आडवा न होऊ देता, स्टँडपर्यंत नेला. उन्हाची तिरीप भोकांवर येऊ नये म्हणून वर उपरणं धरलं. एसटीत खिडकीजवळ जागा मिळवून दिली आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "जरा सरकून बसा भाऊ. जीव आहे आत."

माणूस उठून मागच्या बाकावर गेला.

कंडक्टरने घंटी दिली. चंदाने मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि खिडकीतून बाहेर काढला. हातात अनारसा होता.

"घ्या बाबा. आईनं जास्तीचे केले आहेत."

श्यामरावांनी टाचा उंचावून आत पाहिलं. डबा काठोकाठ अनारशांनी भरला होता, खसखस वर अशी नीट लावलेली.

"मामाजी," पलीकडून टेकचंद ओशाळून म्हणाले, "तुम्हीच बोलले ना त्या दिवशी, म्हणून मी... चंदा बोलली असेल तुमच्याशी?"

"परळातलं पाणी रोज बदलायचं, बाबा," चंदा म्हणाली. तिने बापाकडे पाहिलं, आणि मग समोर ड्रायव्हरच्या पाठीकडे. गाडी निघाली.

अनारसा हातात तसाच धरून श्यामराव बाजारातून परत आले. पुंडलिकराव गोदामाच्या दारात उभे होते.

"गेले पाव्हणे?"

"दोन गेले," श्यामराव म्हणाले.

पुंडलिकरावांनी थोडा विचार केला आणि आत वळून माणसाला ओरडले, "अरे, ते पिंजरे काढू नको आताच!"

घरी उशी उन्हातून आत आली होती, पण ओसरीवर. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. ललिताबाई पदर खोचून पेटीशी उकिडव्या बसल्या होत्या. जाळीचं झाकण वर होतं, आणि तांब्यातलं पाणी त्या हात शक्य तितका लांब ठेवून परळात सोडत होत्या. गंजाच्या तोंडातून एक बोथट टोक बाहेर आलं होतं, डोकं की शेपूट ते कळत नव्हतं.

"तुले ठाऊक होतं?"

ललिताबाईंनी तांब्या खाली ठेवला नाही.

"दर महिन्याले येईन म्हनाले जवाई. मुक्कामालेच. त्याले भेटाले." धार सुरूच होती. "अन् मंग चंदा काही एकटी राह्यनार आहे का तिकडे?"

श्यामराव बायकोशेजारी बसले. अनारसा दोन भाग करून त्यांनी एक तिच्या हातावर ठेवला.

"काठोकाठ नको भरू," ते म्हणाले. "बुडी मारली त्यानं तर सांडते."

मग त्यांनी परळाच्या काठावर बोट टेकवून दाबलं. परळ हलला नाही.