फोनवरची बाई

"मना बहिरू कसा शे वं माय?"

फोनवर गोजराबाईचा आवाज आला तशी ललिता हसली. "बरा शे, माय. सकायले पेज पिना. तुनी आठवन काढे."

गोजराबाई बागलाणातल्या एका खेड्यातून रोज दुपारी फोन करी. तिचा मुलगा बहिरू ट्रॅक्टरखाली पाय सापडून नाशिकच्या सरकारी दवाखान्यात पडला होता. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे तिचा पाय निघत नव्हता. ललिता दवाखान्याची टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून आंधळी. माहेर सटाण्याचं, म्हणून तोंडात अहिराणी. जेवणाच्या सुट्टीत ती जिना चढून बहिरूच्या खाटेशी बसे आणि खाली येऊन त्याच्या आईला सगळं सांगे. कोणी सांगितलेलं काम नव्हतं ते.

सारा जिल्हा तिने कानांनी पाहिला होता. मालेगावच्या फोनमागे यंत्रमाग खडखडत. पिंपळगावच्या फोनमागे कांद्याचा लिलाव चाले. पेठ-सुरगाण्याकडून कोणी बोलायच्या आधी नुसता वारा ऐकू येई. लाइन शांत असली की हे सगळे आवाज तिच्या मनात एकमेकांत मिसळत. मग वाटे, आपण उंच डोंगरावर बसलोय आणि खाली धुक्यात गावं बोलताहेत.

दोन हजार दोनच्या थंडीत मोठे बाबू खंडेराव खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"ललिताबाई, ऑर्डर आलीय. सगळ्या सरकारी दवाखान्यांत फोन उचलायला एकच यंत्र, त्यात भरलेला एकच आवाज. मुंबईत ठरलंय. तुमचं पद मृत संवर्गात गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यानंतर या जागेवर कोणी नाही. पगाराला धक्का नाही हं."

"आणि मी काय करायचं?"

खंडेराव खुर्ची सारून उठले. "बसायचं," ते म्हणाले.

यंत्र बसलं. ललिताला जिन्याखाली टेबल मिळालं. 'चौकशी'ची पाटी होती, पण आंधळ्या बाईला कोण काय विचारणार? माणसं जवळून जात, त्यांच्या पावलांत ती उगीचच गावं ओळखायचा प्रयत्न करी.

सुट्टीत मात्र ती वर जातच राहिली. त्याच आठवड्यात बहिरूची जखम चिघळली आणि डॉक्टरांनी त्याचा पाय काढला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. गोजराबाईला कळवायचं कसं? ती कुठल्या दुकानातून फोन करते, हे त्यालाही माहीत नव्हतं.

एका दुपारी जिन्याशी कोणीतरी शिपायाला विचारत होतं, "भाऊ, ती फोनवाली बाई कोठे शे? आते दुसरीच बाई बोलस. मी बोलू, तं ती ऐकसच नही."

ललिता उठली. आवाजाच्या दिशेने जाऊन तिने तो खरखरीत हात धरला. "माय, मी शे."

"तू? वं माय!" गोजराबाईने तिला जवळ ओढलं. "मना बहिरूना पाय बरा शे ना?"

ललिताने हात सोडला नाही. "माय, पाय ऱ्हायना नही. जीव ऱ्हायना."

गोजराबाई पायरीवरच खाली बसली. ललिताही बसली. माणसं त्यांना वळसा घालून चढत-उतरत राहिली. पदरात तोंड खुपसून गोजराबाई रडली, मग हळूहळू थांबली. वर ललिताच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि मग पाहतच राहिली.

"तुले दिसस नही?"

"नही, माय."

"मंग तू फोनवर सांगे, तो हासना, तो उठीसन बसना, हाई कोन देखे?"

"मी हात लाई देखू. नही तं तोच सांगे."

गोजराबाई बऱ्याच वेळाने डोळे पुसून उठली. "चाल, माले लई चाल त्यानाकडे."

तिने ललिताचं मनगट घट्ट धरलं आणि पहिल्या पायरीशी थांबली.

"पायरी शे हां. सांभाळ."

हा जिना ललिता कितीतरी वर्षं चढत होती. तरीही नवख्यासारखं पाऊल चाचपत तिने ते हळूच वर ठेवलं.

"आते दुसरी," गोजराबाई म्हणाली.