पावणेतीनशेचा टायर

मागच्या चाकांना दोनशे पंचावन्न मिलिमीटर रुंदीचा टायर पुरे, हे गाडी बघताक्षणी मला कळलं होतं. तरी मी पावणेतीनशेचा बसवला. फरक वीस मिलिमीटरचा, म्हणजे माझ्या अंगठ्याच्या रुंदीचा.

तनय पुण्याचा, इथे बंगळूरला हेब्बाळमध्ये आयटीत. गाडी पन्नास वर्षांची अमेरिकन मसल कार, दोन दारांची. "मागून रुंद दिसली पाहिजे दयानंदअण्णा, नाहीतर पॉइंट काय?" तो म्हणाला. "दुसरा एक जण करून देतोय."

दुसरा एक जण! बावीस वर्षं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत चाकं बसवतोय मी. माझं डोकं फिरलं आणि मी हो म्हणून बसलो. टायरला घासू नये म्हणून मडगार्डची आत वळलेली कड दाबून घेऊ म्हटलं, तर रंग उडेल म्हणून तो नको म्हणाला. तेही मी ऐकलं.

एरवी मी मागच्या सीटवर माणसं बसवतो, गाडी खाली बसली की टायर आणि कडेमध्ये बोट घालून बघतो. या वेळी तनयच्या आईने, सुचेताबाईंनी, बजावलं होतं, की नव्या चाकांची पूजा होईपर्यंत आत कुणी बसायचं नाही. मी रिकाम्या गाडीतच बोट घातलं. बोट गेलं.

सकाळी माझ्या गॅरेजातच पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. पहिल्या फेरीला कुमारिका हवी म्हणून सुचेताबाईंनी माझ्या प्रणिताला मागितलं. अकरा वर्षांची पोर, मीच उचलून मागे बसवली. शेजारी सुचेताबाई आणि त्यांची बहीण, पुढे तनय आणि सून स्वानंदी. हेब्बाळचा फ्लायओव्हर करून परत यायचं ठरलं.

गेटबाहेरच्या स्पीडब्रेकरवर खर्र असा आवाज आला. गाडी वळून निघून गेली. मी जाऊन बघितलं, तर रस्त्यावर रबराची बोटभर लांब साल पडली होती.

पाच माणसांच्या वजनाने गाडी बसली होती आणि कड टायर कापत होती. फ्लायओव्हरवर वेग घेतला आणि टायर फुटला तर गाडी कठड्यावर जाणार. तनयला चार वेळा फोन लावला. त्या इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? स्कूटरला किक मारली आणि मागे निघालो.

तुमकूर रोडवर प्रत्येक खड्ड्याला मला तो खर्र ऐकू येत होता. स्वतःला शिव्या देत होतो, देवाची नावं घेत होतो, मधूनच दोन्हींची सरमिसळ होत होती. गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागलेली. या सिग्नलला मी रोज शिव्या देतो. पुढे, बसच्या मागे, ती गाडी उभी होती.

मी काचेवर हात आपटला. "उतरा सर, आधी तुम्ही उतरा."

"काय झालं अण्णा?" तनय घाबरून उतरला. मी त्याची सीट पुढे ढकलली, सुचेताबाईंच्या अंगावरून हात घातला आणि प्रणिताला दंडाला धरून बाहेर ओढलं. फुटपाथवर नेऊन तिला पोटाशी घट्ट धरलं. "अप्पा, दुखतंय," ती म्हणाली.

तनय मागच्या चाकाशी वाकला होता. टायरच्या बाजूला हातभर चीर पडली होती आणि आतले धागे दिसत होते. तो पांढराफटक पडला. सिग्नल सुटला होता, मागे हॉर्न वाजत होते.

"अण्णा, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी प्रणिताला आणखी जवळ ओढलं. मग गाडीच्या आतून सुचेताबाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"आम्ही पण उतरायचं का?"

मी पळत जाऊन हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फुटपाथवरच्या प्रणिताकडे, आणि सीट धरून आपल्या आपण उतरल्या.