बोट की दूध

सूनबाईच्या बोटात मशीनची सुई घुसली ती पडद्यांच्या कामात. आमच्याकडे पुढच्या खोलीत शिलाई आणि मागच्या खोलीत संसार. एका हॉटेलचे पडदे शिवायला घेतले होते. कापड असं दांडगं की मशीनसुद्धा कुरकुरायचं. मागच्या खोलीत ढब्बू रडली, हिची मान वळली आणि सुई तर्जनीतून आरपार. ढब्बू म्हणजे माझी नात. अजून अंगावर पिणारी, दुसरं काहीच न चाखलेली.

बोट धुतलं, चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला लागलो. पण बोट सुजत गेलं आणि ठणका कोपरापर्यंत यायला लागला, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. ढब्बूला मुलाजवळ घरी ठेवली. दवाखान्यातून दुखणी उचलून आणायची मला हौस नाही.

डॉक्टरबाई विचारायची सुनेला आणि उत्तर द्यायची मी. आमच्या घरची रीतच ती. गिऱ्हाईक आलं तरी मी बोलते, घरमालक आला तरी मी बोलते. सून अशी सावकाश बोलते की तिचं वाक्य पुरं होईस्तोवर समोरच्याचा चहा निवतो.

"दुसरा काही आजार? काही औषधं चालू आहेत?"

"काही नाही. धडधाकट आहे. मशीनवर लक्ष नसतं, एवढाच आजार."

"अजून काही सांगायचंय?"

सुनेनं तोंड उघडलं. मी म्हटलं, "काही नाही हो. लवकर गुण येईल असं द्या, पडदे राहिलेत."

अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या. शाळा फारशी झाली नसली तरी एवढा शब्द मला येतो.

घरी आलो तर ढब्बू भुकेनं लालबुंद. सून तिला जवळ घेणार तोच माझा मुलगा म्हणाला, "थांब. एवढ्या कडक गोळ्या घेणार तू. दुधातून हिच्या पोटात नाही का जायच्या?"

सून माझ्याकडे बघायला लागली. मी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "विचारलं नाहीत तिथे?"

"तू यायचं होतंस विचारायला," मी म्हटलं.

तेवढ्यात सुतळी आली. ही शेजारीण. नाव दुसरंच आहे, पण बोलायला लागली की संपत नाही म्हणून आम्ही सुतळी म्हणतो. तिनं ठासून सांगितलं, "दूध बंद. माझ्या मावसबहिणीनं असंच केलं होतं. गोळ्या संपेपर्यंत बाटली द्यायची."

घरात कोणीतरी ठरवायला लागतंच. मी ठरवलं. बाटली आणि डब्यातली पावडर आणायला मुलाला पिटाळलं.

ढब्बूनं बाटलीला तोंड लावलं नाही. चमच्यानं पाजलं तर फुर्रकन सगळं बापाच्या चष्म्यावर. बाप चष्मा पुसतोय, ढब्बू आकाशपाताळ एक करतेय आणि सून भिंतीला टेकून बसलेली, कपडे दुधानं ओले. मग ती उठली आणि दूध पिळून बेसिनमध्ये टाकलं. मी मशीनवर बसले आणि उगाच पायडल मारत राहिले. आवाजानं आवाज झाकला जातो.

दुसऱ्या दिवशी घर शांत झालं. मला वाटलं, पोरीला बाटली पटली. मी पडद्यांत डोकं घातलं. सुनेचंही काम माझ्याच गळ्यात, पाठीचा खुळखुळा झालेला. कोण रडतं, कोण हसतं, बघायचं त्राण नव्हतं.

पण भुकेलं पोर असं झोपत नाही. एका दुपारी पाणी प्यायला आत गेले तर ढब्बू सुनेच्या शेजारी हातपाय पसरून गाढ, तोंड झोपेतच चोखतंय, आणि ओट्यावर बाटली भरलेली तशीच. मी वाकून ढब्बूच्या तोंडाचा वास घेतला. पावडरीचा वास निराळा असतो.

सून उठून बसली. तिनं हात पाठीमागे नेला.

"हात दाखव."

"बरा आहे, आई."

"बरा असता तर लपवला नसतास. दाखव."

बोट काळं-जांभळं झालेलं, आणि मनगटावरून वर एक लाल रेघ चढलेली.

"गोळ्या घेतेस ना?"

"नाही."

"एकही?"

"पाजायचं असेल तर गोळ्या चालत नाहीत म्हणालात. ढब्बू काही घेईना. मग मीच नाही घेतल्या."

"आणि बोटाचं काय?"

"बोट माझं आहे," ती म्हणाली. भांडायला नाही. दमलेलं माणूस बोलतं तसं.

मुलाला पुढचं दुकान बंद करायला सांगितलं आणि तिघी निघालो. या वेळी ढब्बूसकट.

डॉक्टरबाईनं हात बघितला आणि तिचा चेहराच बदलला. "गोळ्यांनी काहीच फरक नाही? नीट घेतल्या ना?" आणि सवयीनं माझ्याकडे वळली. सगळेच वळतात.

मी वर पंख्याकडे बघत बसले. पात्यांवर बोटभर धूळ. पुसत का नाहीत, हेसुद्धा बोलले नाही.

सून बोलली. तिच्या चालीनं, थांबत थांबत. सुई, बाटली, ढब्बू, सगळं. डॉक्टरबाईनं मधे तोडलं नाही.

"अहो, या गोळ्या पाजताना चालतात," ती म्हणाली. "दुधात उतरतात, पण अगदी थोड्या. काही औषधं नाही चालत. म्हणून अंगावर पाजते हे दर वेळी आधी सांगायचं. मलाच नाही, कुठल्याही डॉक्टरला, औषधाच्या दुकानातसुद्धा. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही आणि दूधही तोडायचं नाही." मग ढब्बूकडे बघून म्हणाली, "हिला शी फार पातळ झाली, तोंडात पांढरं दिसलं, अंगावर पुरळ आलं, तर दाखवायला आणा. आणि तुम्हाला बरं वाटलं तरी गोळ्या पुऱ्या करायच्या."

"मी विचारलं होतं, अजून काही सांगायचंय का," एवढंही म्हणाली.

सुनेनं माझ्याकडे बघितलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, मान वळवायचं बळ नव्हतं तिला.

बोटाला चीर देऊन पू काढला, इंजेक्शन दिलं. रेघ जिथवर चढली होती तिथे पेनानं खूण केली. लाली याच्यापुढे गेली किंवा ताप आला तर थेट मोठं हॉस्पिटल, नाहीतर उद्या इथेच दाखवायचं. चीर देताना सून ओरडली नाही. नंतर बाकावर बसून ढब्बूला पाजायला घेतली, तेव्हा रडली. एका हातानं तिला लेकीचं डोकं धरवेना. मी धरलं. ढब्बूचं डोकं चांगलंच जड आहे.

दुसऱ्या दिवशी रेघ खुणेच्या खाली उतरली.

सुतळी आलीच. "अगं बाई! गोळ्या चालू आणि पाजतेयस?" आणि माझ्याकडे वळली.

"तिला विचार," मी म्हटलं. "मला पडदे आहेत."

सुनेनं सांगितलं. सगळं, अगदी सावकाश. सुतळीचा चहा निवला, वर साय धरली.

मी पुढे जाऊन मशीनवर बसले. दोरा सुईत जाईना. डोळे कधीचे गेलेत. दोरा तीच ओवून द्यायची, आणि तिच्या हाताला पट्टीचं हे भलंमोठं गाठोडं. खूप वेळ खटपट केली. मग ती आली, ढब्बूला माझ्या मांडीवर टाकली, डाव्या हातात दोरा धरला.

"हलू नका, आई."

"मी कुठे हलतेय? तुझी लेक हलतेय."

दोरा गेला. मी पायडल मारलं.