शेरा पुढे जात नाही

मी दोन खात्यांमधला निरोप्या बोलतोय. साहेब लोक मला सर्व्हिस बस म्हणतात, पण मला ना चाकं, ना कंडक्टर. मी नुसता एक प्रोग्राम आहे.

नळाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीने तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं. तीन मजली कारभार: वर माणसांना दिसणारा पडदा, मध्ये नियम, तळाशी साठवलेली माहिती. ते दुकानात बसवलं. दूरच्या गावातल्या गोदामात मात्र जुनंच चालू होतं, आणि दोघांचं एकमेकांशी जमेना. म्हणून इंजिनिअरबाईंनी मला मध्ये घातलं. एकाचं ऐकायचं, दुसऱ्याला कळेल अशा साच्यात बसवायचं, पोचवायचं. साच्यात नग आणि संख्या बसली. 'शेरा' नावाचा रकाना बाईंनी गाळला. तिथे लोक 'लवकर पाठवा'शिवाय काही लिहीत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

दुकानात थोरला भाऊ बसायचा, गोदामात धाकटा. घराच्या वाटणीवरून दोघांचं फाटलं होतं. धाकट्याने थोरल्याचा नंबर ब्लॉक केला होता, नातेवाइकांनी हात टेकले होते. तरी मालासाठी रोज ऑफिसच्या फोनवर बोलणं व्हायचं. पाव इंची, अर्धा इंची, एवढंच. पण आवाज कानावर पडायचा. मी आलो आणि कंपनीने तो फोन काढून नेला.

दुकानाच्या पडद्यावर शेऱ्याचा रकाना मात्र तसाच होता. मग थोरला त्यात लिहू लागला. मागणी केल्याशिवाय शेरा लिहिता येत नाही, म्हणून तो वायसरचं एक पाकीट मागवायचा. "आईला बरं नाही." मी शेरा कापायचो, मागणी पुढे न्यायचो. "तुझं नाव घेते." तेही कापलं. थोरल्याच्या पडद्यावर हिरवी खूण उमटायची: पोचलं.

"त्याला सगळं कळतंय गं," तो बायकोला म्हणाला. "दगड आहे नुसता."

तिकडे धाकटा हमालांपाशी कुरकुरायचा, की दादा एकेक पाकीट मागवून मुद्दाम छळतोय. एकदा माल पाठवताना त्यानेही शेऱ्यात लिहिलं, "दादा, आई कशी आहे?" तोही मी कापला. मला काही वाटलं नाही. वाटण्याची सोयच माझ्यात नाही.

एका सकाळी थोरल्याने दुकान उघडलं ते तेवढ्यापुरतंच. एक पाकीट. शेरा: "आई गेली. दुपारपर्यंत तुझ्यासाठी थांबतो."

धाकट्याने पाकीट बांधलं आणि लगेच रवाना केलं. घरी सगळे दुपारपर्यंत थांबले.

मी ठणठणीत आहे. आजवर एकही बिघाड नाही, असं बाई कौतुकाने सांगतात. वाचकहो, माझ्याकडे याल तेव्हा नग आणि संख्या तेवढी आणा. बाकीचं तुमचं तुम्ही जाऊन सांगा.