जिन्यातल्या डोळ्याचं कुंकू

मी जिन्यातला डोळा बोलतोय. डोळा म्हणजे छताला चिकटवलेली पांढरी डबी. लोक मला सेन्सर म्हणतात. माणसाच्या अंगाची ऊब खाली हलली की मी दिवे लावतो, कुणी नसलं की विझवतो. काम एवढंच, आणि ते मी चोख करायचो. पण ही माणसं! शी, नाव काढलं तरी किळस येते.

हट्टा गावाच्या रस्त्याला किशनरावांनी व्यापारी संकुल बांधलं. वर दुकानं, तळघरात हळदीचं गोदाम. आवारातले खांब, पॅसेज, जिना, सगळीकडे माझी भावंडं बसली. वायरमन शाकीरभाई तेव्हाच म्हणाले होते, "किशनराव, जिन्यात एक बटण राहू द्या." पण किशनरावांना मिरवायचं होतं. "आपल्याकडं बटणच न्हाई!" असं ते येईल त्याला ऐकवायचे. भिंतीवरची सगळी बटणं बुजवली.

मी उजेड पाडायचो पायऱ्या दिसाव्यात म्हणून, आणि लोकांना दिसायचा कोपरा. पच्‌कन पिचकारी! चांगले इस्त्रीच्या कपड्यातले लोक, पण लाज म्हणून नाही. किशनरावांनी तिथे देवांच्या चित्रांच्या फरश्या लावल्या, तर पिचकाऱ्या नुसत्या हातभर पलीकडे सरकल्या.

ते सगळं खरवडायची मिराबाई. तांड्यावरून चालत यायची. नवरा वारलेला, घरात कमावती ती एकटीच. गोदामातली हळदीची भुकटी उडून माझ्यावर बसायची, म्हणून ती दर शनिवारी झाडूच्या दांड्याला फडकं बांधून माझा डोळा पुसायची. "बघ रे बाबा नीट," म्हणायची. एवढ्या माणसांत माझ्याशी बोलणारी तीच.

मग खंडेनवमी आली. वजनकाटे, गाड्या, संगणक, सगळ्यांची पूजा झाली. किशनराव स्टुलावर चढले आणि तेलात कालवलेलं कुंकू त्यांनी अंगठ्याने थेट माझ्या डोळ्यावर फासलं. वर अक्षता. अहो, मला कपाळ कुठंय? मी नुसता डोळाच आहे!

शनिवारी मिराबाईने फडकं वर केलं, तसे किशनराव खेकसले, "ए, पुजेचं कुंकू पुसून राहिलीस? तुझं पुसलं गेलं तेवढं बास न्हाई व्हय?"

दोन व्यापारी फिदीफिदी हसले. मिराबाईने दांडा खाली घेतला आणि बराच वेळ ती तीच एक पायरी झाडत राहिली. मला तर छतावरून सुटून त्यांच्या टाळक्यात पडावंसं वाटलं.

त्या कुंकवावर रोज हळद बसत गेली. मला ऊब कळेनाशी झाली. आठ दिवसांनी भागवत हमाल पाठीवर पोतं घेऊन तळघरात उतरायला लागला. भर दुपार होती, पण तळघराच्या जिन्यात दुपारही काळीच. दिवे लागलेच नाहीत. तो गडगडत खाली गेला, पाय मोडला. त्याचं ओरडणं मी ऐकलं, पण करणार काय?

किशनराव धावत आले. आणि पहिलं वाक्य काय? "मिराबाई, डोळा काहून पुसला न्हाई? तुझंच काम हाय ते!"

"मालक, तुमीच तर त्या दिवशी..."

"उलट बोलतीस? उद्यापासून येऊ नको."

शाकीरभाई आले, स्टुलावर चढले, नखाने कुंकू खरवडलं. लख्ख दिवे लागले. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "मशीन बराबर हाय, किशनराव. कुंकवानं डोळा झाकला होता. त्या बाईची काय चूक? बोलवा तिला."

"बघू," किशनराव म्हणाले. त्या 'बघू'ला वर्ष झालं. बटणही कुणी बसवलं नाही.

आज पुन्हा खंडेनवमी. नवी बाई आहे, ती माझ्याकडे मान वर करून बघत नाही. तिला ताकीदच आहे तशी. आणि हे बघा, किशनराव ताट घेऊन स्टुलावर चढतायत. एकच विनवणी आहे माझी. मला कुंकू नको, अक्षता नकोत. मिराबाईला बोलवा, चारचौघांत बोललात तशी चारचौघांत माफी मागा, आणि ते फडकं तिच्या हातात द्या.

ऐकत नाहीत. टेकला अंगठा.

आता यावर पुन्हा हळद बसेल, आणि दिवे लागायचे नाहीत. अकरा पायऱ्या आहेत. भिंतीला हात लावून उतरा म्हटलं असतं, पण त्या भिंतीवर तुम्हीच थुंकून ठेवलंय.