लिटरला अनंत

एकनाथ राऊतच्या मोटारीने आगाशी ते विरार स्टेशन हे सात किलोमीटर एक थेंबही इंधन न जाळता कापले आणि विड्याच्या पानांच्या करंड्या वेळेवर पोचवल्या.

यातलं अक्षरही खोटं नाही. निदान एकनाथसमोर तरी तसं म्हणायचं नाही. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

साल चौऱ्याहत्तर. पेट्रोल कडाडलेलं. आगाशीच्या पानमळेवाल्यांच्या सोसायटीची पानं रोज दुपारच्या पार्सलगाडीने जायची, आणि ती स्टेशनावर पोचवायचं काम एकनाथने हिरामणच्या बैलगाडीकडून हिसकावून घेतलं होतं. त्याची मोटार इंग्रजाच्या वेळची. इंजिन लिटरला सात किलोमीटर द्यायचं, पण चावी फिरवली की पहिल्या झटक्यात उठायचं.

"खातं म्हणून काय झालं?" बायको सुभद्रा म्हणायची. "कमावता माणूसही खातोच की."

एकनाथ मात्र दर सात किलोमीटरला खिसा चाचपायचा. शेवटी क्लेमेंट मिस्त्रीने अर्नाळ्याच्या एका मोडीत निघालेल्या होडीचं डिझेल इंजिन त्याच्या मोटारीत बसवून दिलं.

"लिटरला अठरा, एकनाथभाऊ," क्लेमेंट म्हणाला. "फक्त सेल्फने उठत नाही. उतारावरून ढकलायची आणि गियर टाकायचा. होडीचंच आहे ना, सवय जात नाही."

आगाशी म्हणजे ताटासारखी सपाट. गावात उतार एकच, राऊतांच्या बागेतला, आणि तो थेट बावखलात, म्हणजे बाग शिंपायच्या तळ्यात उतरायचा.

तेव्हापासून रोज करंड्या भरलेली मोटार काठावर उभी राहायची, सुभद्रा पदर खोचून धक्का द्यायची आणि एकनाथ पाण्याकडे बघत गियर टाकायचा. सोमवारी इंजिन पाण्यापासून दहा हातांवर उठलं. मंगळवारी पाच हातांवर. बुधवारी काठावरचा बगळा उडाल्यावर.

गुरुवारी सोसायटीचे चेअरमन जगन्नाथकाका येऊन बगळ्याशेजारी उभे राहिले. सगळं बघून म्हणाले, "एकनाथ, पार्सल एकदा जरी चुकलं, तरी काम परत हिरामणला."

शुक्रवारी बगळा उडालाच नाही. त्याला आधीच कळलं असावं, तो पलीकडच्या काठावर बसला होता. मोटार पुढच्या चाकांनिशी पाण्यात जाऊन थांबली. बाजूने हिरामण बैल घेऊन सहज चालला होता. सोमवारपासून तो रोज याच वेळी तिथून सहज जात होता.

"पानी खोल हाय का?" त्याने विचारलं.

"दोर आहे का?"

"सोमवारपासून घेऊन फिरतोय."

बैलांनी मोटार ओढून काढली. हिरामण करंड्यांना हात घालणार, तोच एकनाथ आडवा आला. "करंड्या माझ्या गाडीतून उतरणार नाहीत. काम माझं आहे."

"नको उतरवू. तुझी गाडी कुठं जानार, ते माझे बैल बघतील."

एकनाथ स्टेअरिंगला बसला. वाटेत अब्रूसाठी त्याने दोनदा हॉर्न वाजवला. बैलांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा तो बंद केला. पार्सलगाडी सुटायला चार मिनिटं असताना करंड्या चढल्या. मीटर सात किलोमीटरने पुढे गेला होता, टाकी होती तेवढीच होती.

"सात भागिले शून्य," संध्याकाळी मीटर बघून क्लेमेंट टोपी काढून म्हणाला. "भाऊ, असा अ‍ॅव्हरेज विलायतेतही नाही."

सोसायटीने रविवारी ठराव केला: पानं एकनाथच्या मोटारीत आणि मोटार हिरामणच्या बैलांमागे.

"जुनं इंजिन क्लेमेंटकडे पडून आहे," सुभद्रा म्हणाली. "मी बघून आले. अजून पहिल्या झटक्यात उठतं."

"इंजिनात काही दोष नाही," एकनाथ म्हणाला आणि कागद घेऊन बसला.

'मा. कार्यकारी अभियंता, रस्ते विभाग, यांस. विषय: उतार मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आगाशी ते विरार स्टेशन हा रस्ता सपाट असल्याने राष्ट्राचे इंधन वाया जात आहे. तरी सदर रस्ता जाताना व येताना, दोन्ही वेळेस उताराचा करून मिळावा, ही नम्र विनंती. सोबत मीटरचा आकडा व साक्षीदार म्हणून दोन बैलांच्या खुरांचे ठसे जोडले आहेत.'