स्टुअर्टसाहेबांना श्रद्धांजली

जेम्स स्टुअर्टवर बोलायला मला वीस मिनिटं मिळणार होती. भद्रावतीच्या आमच्या वसाहतीत कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी दर महिन्याला जमतात आणि एक जण आपल्या आवडत्या माणसाबद्दल बोलतो. सात वर्षं मी मागच्या रांगेत बसून पाळी टाळली. या वेळी सचिव सुरेंद्रने माझं नाव परस्परच लिहून टाकलं. विषय विचारला, तेव्हा मी नुसतं ‘जेम्स स्टुअर्ट’ एवढंच सांगितलं. मी कारखान्याच्या वाचनालयातला कारकून होतो. पुस्तकं देता-घेताना लागेल तेवढंच आयुष्यात बोललो.

मला एकच गोष्ट सांगायची होती. तरुणपणी आमच्या क्लबात शनिवारी इंग्रजी सिनेमे दाखवत. बाकीचे नायक धडाधड बोलत. स्टुअर्ट हा उंच, काटकुळा नट मात्र अडखळे. वाक्य सुरू करी, मध्येच थांबे, शब्द शोधी, आणि समोरची देखणी नायिका तोवर वाट पाही. बोलता न येणारा माणूसही नायक असू शकतो, हे मला तेव्हा कळलं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. चौदा पानं लिहिली, खोडून चार केली. ती चारही वाईटच असावीत.

सभागृहात शिरलो तर टेबलावर स्टुअर्टचा फोटो, हार, अगरबत्ती. फोटोला हार घातल्याशिवाय आमच्याकडे काहीच सुरू होत नाही, ते ठीक. पण मागच्या बॅनरवर छापलं होतं, ‘कै. जेम्स स्टुअर्ट साहेब यांना भावपूर्ण श्रद्धांजली’.

“सुरेंद्रभाऊ, हे...”

“मस्त झालं ना? बसा भाऊ तुमी,” म्हणत तो माइक तपासायला गेला.

सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली. खाली बसता बसता कँटीनमधल्या गुणाबाईंनी विचारलं, “कोणत्या सेक्शनले होते हे साहेब?”

“मशीन शॉपले,” गोपालभाऊ उभा राहिला. तो जुना फिटर. “माझी पहिली सुट्टी यायनंच मंजूर केली. रागीट, पण मनाचे चांगले.”

“मंग मले काऊन आठवत नाई?”

“तुले कालची भाजी तरी आठवते काय?”

हशा झाला. मग आणखी दोघांना साहेब आठवले. एकाने तर त्यांची मोटारसायकलही सांगितली. मी दर वेळी खुर्चीचा हात धरून उठू पाहायचो, आणि तेवढ्यात दुसराच कुणी बोलू लागायचा. पंधरा मिनिटं अशीच गेली.

“आता मुख्य वक्ते,” सुरेंद्र म्हणाला. “दोनच मिनिटं, भाऊ. चहा थंडा होऊन राह्यला.”

मी माइकसमोर गेलो. “हे... हे साहेब नव्हते. आपल्या कारखान्यात कधी आलेच नाहीत. हे अमेरिकेतले सिनेमानट.”

मागच्या रांगेतून प्रफुल ओरडला, “गोपाल, तुही सुट्टी हिरोनं मंजूर केली बे!” सगळे हसत सुटले. गोपालभाऊ खाली बघत बसला.

“मला एवढंच सांगायचं आहे,” मी घाईने म्हणालो, “की ज्या माणसाला बोलता येत नाही, तो...”

पुढचा शब्द कागदावर होता. मी चष्मा सारखा केला.

“धन्यवाद!” सुरेंद्र म्हणाला. टाळ्या पडल्या, खुर्च्या सरकल्या.

“माझं संपलं नाही,” मी म्हणालो. माइक बंद झाला होता.

गोपालभाऊ हातात कप घेऊन माझ्याजवळ आला. “तुमाले तर सारं पहिलेच मालूम होतं न, भाऊ?”

“हो.”

“मंग मी उभा झालो तवाच काऊन नाई बोलले? साऱ्या लोकाईत मले येडा बनवलं.”

“मी... कसं सांगावं, शब्द शोधत होतो.”

“पंधरा मिनिटं?”

तो न पिताच कप ठेवून निघून गेला. माफी मागायला मी तोंड उघडलं, तोवर तो सायकलवर बसला होता.